रोज कमरेला बाळगायचा लहान बिनघडीचा चाकू: निवड, म्यान आणि कायदा

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. पुण्यातली नोकरी सोडून तुम्ही संगमेश्वर तालुक्यात दीड एकर जागा घेतली आहे, तिथे आंबा-काजूची जुनी झाडे आहेत, थोडी नवी लागवड चालू आहे, आणि दिवसभर अंगावर राहील असा एक लहान, न मिटणारा चाकू तुम्हाला हवा आहे. पोलाद कोणते घ्यावे, पात्याची लांबी किती असावी आणि असा चाकू कमरेला लावून हिंडणे कायद्यात बसते का, असे तुम्ही विचारले आहे. शेवटी ‘शिवाय स्वसंरक्षणालाही उपयोग व्हावा’ असे एक वाक्य जोडले आहे, त्याविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहितो. दापोलीजवळ माझी रोपवाटिका आहे आणि गेली २८ वर्षे माझ्या कमरेला एक ना एक चाकू आहे. त्या अनुभवापुरतेच हे उत्तर आहे. देशावरच्या कोरड्या हवेत किंवा निव्वळ डोंगरभटकंतीसाठी यातल्या काही गोष्टी बदलतील.

माझ्या मते खरा प्रश्न पोलादाचा नाही. दिवसातून दहा-पंधरा वेळा चाकू हातात येतो आणि प्रत्येक वेळी अर्ध्या मिनिटात त्याचे काम संपते. उरलेला सगळा दिवस तो तुमच्या अंगावर नुसता असतो. वाकताना तो टोचला, दुचाकीवर बसताना अडला किंवा बाहेर काढायला दोन हात लागले, तर आठवडाभरात तुम्ही तो घरी ठेवू लागाल. माझ्याकडे कामाला आलेल्या कितीतरी मुलांनी हौसेने चाकू घेतले आणि महिन्याभरात ते फळीवर पडले. त्यातला एकही पोलाद वाईट होते म्हणून पडला नाही. म्यान गैरसोयीचे होते किंवा चाकूच कामाच्या मानाने मोठा होता. म्हणून निवड करताना आधी काम, मग म्यान आणि शेवटी पाते, असा क्रम धरावा.

काम ठरवण्यासाठी आठ दिवस खिशात एक कागद ठेवा आणि जे जे कापाल ते लिहून काढा. माझ्या बागेत ही यादी अशी होते: सुतळी, सुंभ, कलमावरची जुनी पॉलिथिनची पट्टी, रोपाची पिशवी, ठिबकची १६ मिलिमीटरची नळी, खताच्या गोणीच्या तोंडाचा गुंतलेला दोरा, आधाराच्या काठीचे टोक, आणि दुपारी एखादे फळ. यात एकही काम असे नाही की ज्याला ८ सेंटिमीटरपेक्षा जास्त धार लागावी. फांदी तोडणे, नारळ सोलणे, गवताचे रान मोकळे करणे ही कोयतीची कामे आहेत आणि कोकणात कोयती घरोघरी असते. कोयतीचे काम चाकूला सांगण्याच्या मोहातूनच पाच-सहा मिलिमीटर जाडीचे ते काळे, जड चाकू विकत घेतले जातात.

जाडीचे कारण नीट समजून घ्या, कारण दुकानात गेल्यावर जाड पातेच भरवशाचे वाटते. कापण्याचे काम धार करते हे खरे, पण धारेच्या मागून येणारे अंग त्या फटीतून पुढे सरकले पाहिजे. पाठ जाड असली की पाते पाचरीसारखे वागते. ठिबकच्या नळीवर ते घसरते, हिरव्या आंब्यात अर्ध्यावर अडते आणि मग आपण नकळत जास्त जोर लावतो. हात कापतात ते बहुतेक अशा वाढीव जोरानेच. माझा अनुभव सांगतो की पाठीची जाडी २ ते ३ मिलिमीटर, पात्याची लांबी साडेसात ते १० सेंटिमीटर आणि धार दोन्ही बाजूंनी साधारण २० अंशांच्या उताराची असावी. टोक मध्यम असावे, म्हणजे पिशवीला छिद्र पाडता येईल पण सुईसारखे अणकुचीदार नसेल. पात्यावर करवतीसारखे दाते मुळीच नकोत. सुंभावर ते बरे चालतात, पण घरच्या दगडावर त्यांना धार लावता येत नाही. दोन्ही कडांना धार असलेले, कट्यारीच्या घडणीचे पातेही घेऊ नका. बागेत त्याचा उपयोग नाही, आणि कायद्याच्या दृष्टीनेही ते अवजार न वाटता शस्त्र वाटते.

आता पोलाद. स्टेनलेस म्हणवण्यासाठी पोलादात निदान साडेदहा टक्के क्रोमियम असावे लागते आणि त्यामुळे गंज बराच थोपवला जातो, पूर्ण थांबत नाही. साध्या कार्बन पोलादाला दगडावर पटकन आणि सुरेख धार येते, पण आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि किनाऱ्याकडच्या हवेत मीठ असते. जुलैत ओला चाकू रात्रभर म्यानात राहिला तर सकाळी त्यावर तांबूस ठिपके दिसतात. कैरीच्या किंवा कोकमाच्या आंबटपणाने कार्बन पोलाद काही मिनिटांत काळपट पडते. तो काळेपणा गंज नव्हे, उलट तो थोडे रक्षणच करतो, पण त्या पात्याने कापलेल्या फळाला लोखंडाची चव येते. तुम्ही नव्याने सुरुवात करत आहात आणि देखभालीची सवय अजून अंगवळणी पडायची आहे, म्हणून पहिला चाकू स्टेनलेसचा घ्या असेच मी सांगेन. स्वीडनच्या मोरा गावच्या कारखान्याचा ‘कंपॅनियन’ हा चाकू बाहेरून मागवता येतो. त्याचे पाते सुमारे १० सेंटिमीटर लांब आणि अडीच मिलिमीटर जाड आहे, आणि सोबत कडक प्लास्टिकचे म्यान येते. मी तो सहा वर्षे वापरला. दिसायला अगदी साधा आहे आणि कामाला उत्तम आहे.

दुसरा मार्ग गावच्या लोहाराचा, आणि मला तो मनापासून जवळचा आहे. आपल्याकडचे लोहार ट्रकच्या कमानीच्या पाट्यापासून कोयत्या घडवतात. त्या पोलादात साधारण अर्धा ते पाऊण टक्का कार्बन असतो, त्यामुळे पाते चिवट होते आणि धारही बरी टिकते. अडचण एवढीच की लोहाराचा हात कोयतीच्या जाडीला सरावलेला असतो. ‘लहान चाकू करून द्या’ एवढेच सांगितले तर हातात लहान कोयती येते. म्हणून पुठ्ठ्यावर खऱ्या मापाचा आकार कापून न्या, पाठीची जाडी दाखवायला एखादी जुनी सुरी सोबत न्या आणि पाणी देताना, म्हणजे तापलेले पाते कडक करताना, समोर उभे राहा. पाते लाल तापवून एकदम थंड केले की ते कडक होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. तो ठिसूळपणा घालवण्यासाठी ते पुन्हा हलके तापवून, घासलेल्या भागावर वाळल्या गवताच्या काडीसारखा पिवळसर रंग येताच थांबवावे लागते. ही दुसरी पायरी घाईत गाळली गेली तर पहिल्याच आठवड्यात टोकाचा टवका उडतो. चाकू हातात आल्यावर धारेच्या कडेवर नवी कानस हलकेच फिरवून पाहा. ती घसरत गेली तर पाणी बरोबर चढले आहे, आणि लोण्यासारखी रुतली तर पाते मऊ राहिले आहे आणि धार दुपारपर्यंतही टिकणार नाही.

मुठीबद्दल थोडक्यात. पात्याचे लोखंड मुठीच्या टोकापर्यंत गेलेलेच हवे, असा आग्रह इंटरनेटवर फार दिसतो. कापण्याच्या कामाला त्याची गरज नाही. उलट आपल्या पावसात दोन फळ्या रिव्हेटने ठोकलेल्या मुठीत पाणी शिरते, लाकूड फुगते आणि फळीखाली कुणाला न दिसता गंज धरतो. एकसंध मुठीत खोल बसवलेली पात्याची अरुंद शेपटी मला जास्त सोयीची वाटते. मूठ तुमच्या तळव्याच्या रुंदीपेक्षा बोटभर लांब असावी, पुढच्या बाजूला बोट पात्यावर घसरू नये असा उंचवटा असावा, आणि रंग भडक असावा. तपकिरी मुठीचा चाकू पालापाचोळ्यात पडला की सापडत नाही. माझे दोन चाकू आंब्याच्या आळ्यात मातीआड गेले आणि पुढच्या वर्षी कुदळीला लागले. तेव्हापासून मी मुठीला केशरी रंग देतो.

आता म्यान, आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण माझ्या मांडीवर याच कारणाने चार टाक्यांची खूण आहे. २००४ च्या पावसाळ्यातली गोष्ट. मी मऊ कातड्याचे, दोन पदर नुसते कडेने शिवलेले म्यान वापरत होतो. रोज चाकू आत-बाहेर होताना धार थेट शिवणीवर घासत होती आणि आतून टाके एकेक करून तुटत होते. बाहेरून काही दिसत नव्हते. शेवाळलेल्या गडग्यावरून, म्हणजे बागेच्या दगडी कुंपणावरून, उतरताना पाय घसरला, मी कुशीवर पडलो आणि पाते शिवणीतून बाहेर येऊन मांडीत शिरले. जखम बाहेरच्या बाजूला होती म्हणून टाक्यांवर आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनवर निभावले. मांडीच्या आतल्या अंगाने मोठी रोहिणी जाते. तिथे लागले असते तर गडग्यापासून रस्त्यापर्यंत मी पोहोचलो असतो की नाही, सांगता येत नाही.

तेव्हा कातड्याचे म्यान घ्यायचे असेल तर एक गोष्ट पाहाच: दोन पदरांच्या मध्ये, धारेच्या बाजूने, कातड्याचीच तिसरी पट्टी शिवलेली असली पाहिजे, म्हणजे धार त्या पट्टीवर टेकते आणि टाक्यांपर्यंत पोहोचत नाही. चपला शिवणारा कारागीर हे काम सहज करतो, फक्त त्याला कारण समजावून सांगावे लागते. तरीही जून ते सप्टेंबर या काळात कातडे नकोच, कारण ते पाणी धरून ठेवते आणि पाते रात्रंदिवस ओल्यात राहते. कडक प्लास्टिकचे म्यान, तळाला पाणी निघून जायला छिद्र असलेले, आपल्या हवेला सगळ्यात योग्य. घेताना चाकू आत घालून म्यान उलटे धरा आणि चार-पाच वेळा जोराने झटका. चाकू बाहेर पडता कामा नये. मग एका हाताने, म्यानाकडे न पाहता, अंगठ्याने रेटा देऊन तो निघतो का ते पाहा. या दोन्ही परीक्षांत उतरेल तेच म्यान घ्या, मग चाकू थोडा कमी आवडीचा असला तरी चालेल.

अंगावर कुठे लावावा हे तुमच्या हालचालीवर ठरेल. उजव्या कुल्ह्यावर, खिशाच्या जरा मागे, ही जागा उभ्याने काम करणाऱ्याला बरी, पण गाडीच्या आसनावर ती अडते. रोपवाटिकेत दिवसभर वाकून बसावे लागते, म्हणून मी म्यान पट्ट्याला डाव्या बाजूला, बेंबीपासून वीतभर अंतरावर, आडवे लावतो आणि उजव्या हाताने काढतो. मूठ उजवीकडे येते आणि पाते पोटाला समांतर राहते, त्यामुळे वाकताना टोक कुठेच रुतत नाही. पट्टा नसेल तर आपल्याकडे कोयतीसाठी कमरेला बांधतात ती आकडी चाकूला वापरू नका. कोयतीचे वाकडे तोंड आकडीत अडकून राहते, सरळ चाकू त्यातून निसटतो. गळ्यात दोरीने चाकू लटकवण्याची पद्धत परदेशी चित्रफितींत दिसते. झाडावर चढणाऱ्याने ती कधीही अवलंबू नये, कारण दोरी फांदीत अडकली तर गळ्याला फास बसतो.

कायद्याचे उत्तर दोन थरांचे आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ खालील शस्त्र नियम, २०१६ यांच्या पहिल्या अनुसूचीतील पाचव्या वर्गात तलवारी, कट्यारी वगैरेंबरोबर ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्र म्हणून येतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारे त्यातून वगळलेली आहेत. १० सेंटिमीटरचा बागेचा चाकू या मापाच्या बराच आत राहतो. पण तेवढ्यावर निश्चिंत होऊ नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ (१) खाली जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त मनाई आदेश काढतात, आणि त्यात इतर वस्तूंबरोबर चाकू आणि काठ्याही जवळ बाळगण्यास बंदी येते. सण, निवडणुका, मोर्चे यांच्या काळात असे आदेश वरचेवर निघतात, बहुतेक वेळा पंधरा दिवसांसाठी, आणि वर्तमानपत्रात ती बातमी आतल्या पानावर दोन ओळींत असते. त्या मुदतीत बाजारपेठेत कमरेला चाकू दिसला, तर पाते किती लहान आहे यावर वाद घालून उपयोग होत नाही. मी वकील नाही. एखादी विशिष्ट अडचण असेल तर वकिलाला किंवा पोलीस ठाण्यातच विचारावे.

माझा स्वतःचा नियम कायद्यापेक्षा कडक आहे. चाकू बागेच्या फाटकाच्या आत कमरेला आणि फाटकाबाहेर पडताना अवजारांच्या पेटीत. आठवडी बाजार, तहसील कचेरी, शाळा, देवळातली जत्रा, बँक, इथे तो माझ्या अंगावर कधीच नसतो. एस.टी.ने किंवा रेल्वेने न्यायचा झाल्यास म्यानात घालून, वर फडके गुंडाळून, सुतळीने बांधून पिशवीच्या तळाशी इतर अवजारांबरोबर ठेवतो. तो चटकन काढता येत नाही, आणि कुणी तपासलेच तर कामाची वस्तू आहे हे पाहताक्षणी कळते. विमानात हातातल्या सामानात कोणतेही पाते चालत नाही, विमान कंपनीच्या ताब्यात दिलेल्या सामानात ते ठेवावे. मेट्रोच्या तपासणीतही चाकू अडवतात. तुम्ही पुण्याला येऊन-जाऊन राहणार असाल, तर चाकू बागेतच ठेवून जाण्याची सवय लावणे सगळ्यात सोपे.

यातच स्वसंरक्षणाचा मुद्दा येतो, आणि त्यावर माझे मत ठाम आहे: तो विचार मनातून काढून टाका. ‘शेतीचे अवजार आहे’ हे तुमचे खरे आणि बळकट उत्तर आहे. ‘वेळप्रसंगी उपयोगी पडेल म्हणून’ असे एकदा म्हटलेत की त्याच वस्तूचे शस्त्र होते. रानडुकराला किंवा बिबट्याला आठ सेंटिमीटरच्या पात्याचे काही वाटत नाही. तिथे प्रखर विजेरी, घुंगरू लावलेली काठी आणि अंधार पडण्याआधी घरी येणे या तीनच गोष्टी कामाच्या आहेत. माणसाशी झटापट झाली तर चाकू काढणाऱ्याचाच चाकू त्याच्यावर उलटण्याचा धोका मोठा असतो, आणि तसे झाले नाही तरी पुढची कित्येक वर्षे कोर्टात जातात.

देखभालीला रोज एक मिनिट लागते, पण ते एक मिनिट चुकवू नये. काम संपल्यावर पाते पुसा, कोरडे करा आणि खोबरेल तेलाचा एक थेंब दोन्ही बाजूंना बोटाने फिरवा. खोबरेल लवकर चिकट होत नाही आणि त्याच पात्याने फळ कापायला हरकत राहत नाही. फणसाचा चीक पाण्याने निघत नाही, तोही याच तेलाने सुटतो. ओल्या काजूगरांसाठी चाकू वापरलात तर मात्र विशेष जपा. काजूच्या टरफलातले तेल कातडीला भाजते आणि ते पात्यावर राहून आंब्याला लागले तर ओठांवर फोड येतात. माझ्या धाकट्या पुतणीला हे भोगावे लागले, तेव्हापासून आमच्याकडे काजूचा चाकू वेगळा आहे, त्याच्या मुठीला काळी पट्टी आहे. धार लावण्यासाठी एका बाजूने जाडा आणि दुसऱ्या बाजूने बारीक असा दगड पुरे. एका बाजूने घासत राहिलात की पलीकडच्या कडेला धातूची अगदी पातळ वळी बोटाला खरखरीत लागते. ती धारेच्या टोकापासून मुठीपर्यंत सगळीकडे लागली की मगच बाजू बदला, आणि शेवटी जुन्या कातडी पट्ट्यावर आठ-दहा वेळा उलटे ओढून ती वळी काढून टाका. बहुतेकांची धार बिघडते ती वळी यायच्या आधीच बाजू बदलल्यामुळे. खंडेनवमीला अवजारे पुजायची आपल्याकडे रीत आहे. पावसाळा तेव्हाच सरत असतो, म्हणून आम्ही आदल्या दिवशी सगळी म्याने आतून धुऊन उन्हात वाळवतो, मुठी तपासतो आणि जे सैल झाले आहे ते बदलतो.

तुम्ही नवी लागवड करत आहात म्हणून एक सूचना: हा चाकू कलमे बांधायला वापरू नका. कोयकलमाला, म्हणजे कोयीतून उगवलेल्या कोवळ्या रोपावर बांधायच्या कलमाला, खुंटावर उभा छेद आणि काडीला पाचरीसारखा काप अगदी सपाट आणि स्वच्छ घ्यावा लागतो. त्यासाठी एका बाजूनेच उतार असलेला, वस्तऱ्यासारखा धारदार चाकू लागतो, आणि तो झाडाझाडागणिक स्पिरिटने पुसायचा असतो. सुतळी आणि माती पाहिलेल्या पात्याने घेतलेला काप रोगाला वाट करून देतो.

माणसे हाताखाली असतील तर चाकू हातातून हातात देऊ नका. आमच्याकडची जुनी माणसे धारेची वस्तू जमिनीवर ठेवतात आणि समोरचा ती उचलतो. तीच पद्धत मी नव्या मुलांना पहिल्या दिवशी शिकवतो. बसून काही तासायचे असेल तर पाते दोन मांड्यांच्या मध्ये येऊ देऊ नका, हात गुडघ्याच्या बाहेर न्या. आणि चाकू वापरून झाला की तो खाली ठेवण्याआधी म्यानात जाऊ द्या, ‘आत्ता लागणारच आहे’ असे वाटत असले तरीही.

तुमच्या तळव्याची रुंदी, तुम्ही उजखुरे आहात की डावखुरे, आणि बागेत जास्त वेळ उभ्याने जातो की वाकून, एवढे कळवलेत तर मुठीची लांबी आणि म्यानाची जागा नेमकी सांगता येईल. लोहाराकडे जायचे ठरवलेत तर पुठ्ठ्यावरचा आकार आधी मला दाखवा. बेत पावसाळ्याच्या तोंडावर असेल तर लवकर निघा, कारण मे संपताना लोहाराकडे नांगराच्या फाळांची आणि विळ्यांची रांग लागते आणि चाकूकडे बघायला त्याला सवड नसते.